ममलूक म्हणजे मुलखाचा मालक

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इतिहास शिकवतो. रुजू झालो तेव्हा आमच्या विभागात दोनच माणसं होती, विभागप्रमुख आणि मी. विभागप्रमुखांनी मराठ्यांचा इतिहास स्वतःकडे ठेवला, आधुनिक भारतही स्वतःकडे ठेवला, आणि "तुम्ही तरुण आहात, तुम्हाला झेपेल" असं म्हणून 'मध्ययुगीन इस्लामी जग आणि पूर्व आशिया' हा पेपर माझ्या पदरात टाकला. माझा स्वतःचा अभ्यास वऱ्हाडातल्या जुन्या कापूसबाजारांचा. बगदाद आणि क्योटो ही दोन्ही गावं मला सारखीच परकी होती. ती एकाच पेपरात कशी आली, हे मी विभागप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "दोन्हीकडे आपल्या डेपोची गाडी जात नाही, म्हणून एकत्र केलं असेल." वीस वर्षांत यापेक्षा पटेल असं कारण मला कोणी दिलेलं नाही.

या पेपराचा जीव शेवटच्या प्रश्नात होता. 'पुढील संज्ञा स्पष्ट करा, प्रत्येकी दोन गुण.' खलिफा, वजीर, इक्ता, जकात, शोगुन, दाइम्यो, सामुराई अशी यादी असायची आणि आमची मुलं सबंध पेपर सोडून या यादीवर पास व्हायची. होण्याचा प्रयत्न तरी करायची. जकात म्हणजे ट्रकवाल्यांकडून नाक्यावर घेतात ती, हे उत्तर दरवर्षी येई. खलिफा म्हणजे कपडे शिवणारा, हेही येई, कारण आमच्या बाजारात शिंप्याला खलिफाच म्हणतात. दाइम्यो या जपानी सरदाराची व्याख्या एकानं 'सायकलच्या चाकाला लावल्यावर दिवा लागतो ते यंत्र' अशी केली होती. मी ही उत्तरं स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचो आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो. अडाण्यांना हसण्यासाठी सरकार आपल्याला पगार देतं, असाच तेव्हा माझा समज होता.

ममलूक हा शब्द माझ्यापुढे पहिल्याच वर्षी आला. इजिप्तच्या सुलतानांचं प्रकरण मी आदल्या संध्याकाळी वाचायला घेतलं होतं आणि क्रिकेटची मॅच लागल्यामुळे अर्ध्यावर ठेवलं होतं. वर्गात पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, ममलूक म्हणजे काय?"

मला माहीत नव्हतं. 'उद्या सांगतो' असं म्हणता आलं असतं. पण नवा प्राध्यापक, भरलेला वर्ग, पहिलंच वर्ष. मी फळ्याकडे वळलो. खडू हातात घेतला की माणसाला ज्ञान होतं, असा आमच्या धंद्याचा अनुभव आहे. ममलूक हा शब्द मुलूखसारखा दिसला, त्यात मालकसारखंही काहीतरी ऐकू आलं. मी लिहिलं, 'ममलूक म्हणजे मुलखाचा मालक.' साठ माना खाली गेल्या आणि साठ वह्यांत ते उतरलं. ते वाक्य यमकासारखं बसलं होतं. मलाच ते इतकं आवडलं की घरी जाऊन ते खरं आहे का, हे बघण्याची गरज वाटली नाही.

मग ते माझ्या नोट्समध्ये गेलं. मी ते अठरा वर्षं सांगितलं. पहिली काही वर्षं सांगताना थोडं चाचरायचो, नंतर ठासून सांगू लागलो. दहाव्या वर्षाच्या सुमारास तर मी मुलांना विचारायचो, "बघा, शब्दातच अर्थ आहे. मुलूख अधिक मालक बरोबर?" आणि सगळे एका सुरात "ममलूक" म्हणायचे.

केळापूरकडच्या एका कॉलेजातले सहकारी परीक्षेसाठी गाईड काढत होते. त्यांनी माझ्या नोट्स मागितल्या. मी मोठ्या मनानं दिल्या. गाईड आलं तेव्हा माझं वाक्य चौकटीत होतं, वर 'लक्षात ठेवा' असं जाड अक्षरात. प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'एका अनुभवी प्राध्यापकांच्या टिपणांचा आधार घेतला आहे.' नाव नव्हतं याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आज त्या सहकाऱ्यांचे उपकार कसे फेडावे, हे कळत नाही.

आमच्याकडे प्राध्यापक गाईडला नावं ठेवतात आणि प्रश्नपत्रिका गाईड उघडून काढतात. एका हिवाळी परीक्षेत ममलूक विचारला गेला. तपासणाऱ्यांना पाठवलेल्या नमुना उत्तरात लिहिलं होतं, 'मुलखाचा मालक.' आणि तपासायला गेलेल्यांत मी होतो. म्हणजे मी बोललो, ते छापलं गेलं, ते विचारलं गेलं, आणि आता ते शिक्क्यासह मलाच परत आलं होतं. मला समाधान वाटलं. माणसाचं बोलणं अधिकृत झालं की ते त्याला स्वतःलाही नव्यानं पटतं.

उत्तरपत्रिकांवर नाव नसतं, नुसत्या बारकोडच्या रेघा असतात. त्यामुळे कोणती कोणाची आहे ते कळायचं कारण नव्हतं. एका उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'ममलूक म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे तो. विकत घेतलेला गुलाम, त्याला लढाई शिकवून सैनिक बनवत.' अक्षर सावकाश काढलेलं, मोठ्या वयात पुन्हा लिहायला लागलेल्या माणसाचं. मी कीवेनं हसलो. गुलाम कुठे राज्य करतो का? मी शून्य दिलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, कारण समासात काही लिहायचं नाही असा नियम आहे. पण मला राहवलं नाही. मी तांबड्या शाईनं लिहिलं, 'संज्ञा समजून वाचाव्यात.' मग चहाला गेलो.

मार्चमध्ये निकालानंतर एक बाई स्टाफरूमच्या दारात आली. पस्तिशीची असावी. हातात हेल्मेट, खांद्याला अंगणवाडीच्या रजिस्टरांनी फुगलेली पिशवी. दारव्हा ते नेर रस्त्यावरच्या एका तांड्यावर ती सेविका होती. लग्नानंतर बारा-तेरा वर्षांनी तिनं बाहेरून बीएचे फॉर्म भरले होते. परीक्षेचं केंद्र आमचं कॉलेज, म्हणून ऑफिसातल्या बाबूनं तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

"सर, मी एकाच पेपरात राह्यली," ती म्हणाली. "दोन मार्कानं. मुख्यसेविकेची जागा निघून राह्यली हाये, तिले डिग्री लागते. मले एकच सांगा, माह्यं उत्तर चुकलं कसं?"

तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स टेबलावर ठेवली. तांबडी शाई झेरॉक्समध्ये काळी झाली होती, पण अक्षर माझं होतं. 'संज्ञा समजून वाचाव्यात.' त्यातल्या 'ज्ञ'ला मी शेपूट काढतो, लांब, वळवून वर नेलेली. शाळेत असताना सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं तेव्हापासून काढतो.

"तपासणाऱ्यानं काहीतरी विचार केलाच असेल," मी म्हणालो.

"हे अक्षर कोणाचं असन, सर?"

"असेल कुणाचं. खूप लोक असतात तपासायला."

तिनं पिशवीतून गाईड काढलं आणि चौकटीवर बोट ठेवलं. "गाइडात लिहिलं हाये, मुलखाचा मालक. मी लिहिलं, ज्याच्यावर मालकी हाये तो. दोघातलं एक तं खोटं असन ना?"

"मग गाईडमधलंच का नाही लिहिलंत?"

"वाचलं होतं ना. पण सगळे शब्द उर्दूवानी वाटले, म्हणून मास्तरसाहेबाले विचारलं. ते म्हणे हे उलटं हाये. मंग मी सुलटं लिहिलं."

मास्तरसाहेब म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. त्यांचं घर आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत आहे. इतकं मागे, की इतिहास विभागाच्या खिडकीतून त्यांचा कडुनिंब दिसतो. अठरा वर्षं मी त्या कडुनिंबाकडे बघत जकात आणि खलिफा शिकवले आणि एकदाही गल्ली ओलांडली नाही. ही बाई तांड्यावरून सतरा-अठरा किलोमीटर गाडी हाकत त्यांच्याकडे गेली होती.

मला राग आला. बाहेरून परीक्षा देणारी बाई आणि निवृत्त मास्तर मिळून मला शब्द शिकवणार, याचा. मी म्हणालो, "चला, आत्ताच विचारू त्यांना." माझी चूक निघेल, असं मनात आलंच नाही. मी तिथे त्या म्हाताऱ्याला सांभाळून, सभ्यपणे दुरुस्त करायला निघालो होतो.

मास्तरसाहेब अंगणात खुर्ची टाकून कूलरच्या ताट्या बांधत होते. जुना वाळा काढून टाकलेला, नवा सुतळीनं आवळून चाललेला. ऐंशीच्या घरातले, पण हात चालू होते. त्यांनी मला पाहून उठायचा प्रयत्न केला आणि मी घाईनं त्यांना बसवलं.

"आओ, प्रोफेसर साहब. इतने बरस पडोस में हो, आज आए."

मी गाईड पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून चौकट वाचली, दोनदा वाचली, आणि सुतळी बाजूला ठेवली.

"मालिक को मराठी में क्या कहते हैं?"

"मालक," मी म्हणालो.

"और मिल्कियत?"

"मालमत्ता."

"तो ममलूक?"

मी गाईडकडे पाहिलं. बाई म्हणाली, "जो मालमत्तेत धरला तो. ढोर-वावर धरते तसा."

"सही. जो किसी की मिल्कियत में है." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात कुठे टोचणी नव्हती, तीच फार टोचली. "मालिक, मुल्क, ममलूक, सब एक ही घर के लफ्ज़ हैं. पर घर में मालिक भी रहता है और नौकर भी. दोनों को एक समझोगे तो बड़ी गड़बड़ होगी."

मी शेवटचा वार केला. "पण ममलूकांनी तर इजिप्तवर राज्य केलं. गुलाम राज्य कसं करेल?"

"किया ना. खरीदे गए, फौज में गए, फिर तख्त पर बैठ गए. दिल्ली में भी तो वही हुआ." ते जरा आठवून म्हणाले, "आप लोग पढ़ाते हो ना, गुलाम घराना?"

शिकवतो. दुसऱ्या वर्षाला, सोमवारी आणि गुरुवारी. मीच शिकवतो. दिल्लीच्या गुलाम घराण्यातला पहिला सुलतान विकत घेतलेला होता, हे मी दर जुलैत रंगवून सांगायचो आणि मुलं तोंडात बोट घालायची. मग घंटा व्हायची, मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जायचो आणि तिथे ममलूकांना मुलखाचे मालक करायचो. मधे फक्त एक व्हरांडा होता.

"ये मुलखाचा मालक कहा किसने?" मास्तरसाहेबांनी विचारलं.

"गाईडमध्ये आहे," मी म्हणालो.

बाईनं पानं उलटून प्रस्तावना काढली आणि मोठ्यानं वाचली. "एका अनुभवी प्राध्यापकांच्या टिपणांचा आधार घेतला आहे."

मास्तरसाहेबांनी सुतळी पुन्हा हातात घेतली. "हां, तजुर्बा तो दिख रहा है."

त्या वेळी सांगायला हवं होतं. तिघंच होतो, अंगण स्वच्छ होतं, कोणी हसलं नसतं. पण मी घड्याळ पाहिलं, तास असल्याचं सांगितलं आणि निघालो. तास नव्हता. गल्लीत बाई म्हणाली, "सर, मंग अर्ज कोणाले करू?" मी म्हणालो, बघतो, परवा या. परवापर्यंत तिला दुसरी काहीतरी वाट सापडेल आणि आपली सुटका होईल, असा माझा हिशेब होता.

ती परवा बरोबर अकराला आली. कोरा कागद आणि पेनसुद्धा आणला होता.

"मी सांगतो, तुम्ही लिहा," मी म्हणालो. तिच्यासमोर काही लिहायचं नाही, एवढी एक गोष्ट मी ठरवून ठेवली होती. आदल्या भेटीत फोन नंबरही मी तोंडीच सांगितला होता.

"माह्यं शुद्धलेखन बरं नाही, सर. तिथं पुन्हा कोणी म्हणन, समजून लिहा. तुम्हीच लिहा ना."

स्टाफरूममध्ये आणखी दोन सहकारी बसले होते. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी लिहू लागलो. 'ज्ञ' येऊ नये म्हणून मी संज्ञेला 'शब्द' केलं, 'पारिभाषिक पद' केलं. पण प्रश्नाचा मथळाच 'संज्ञा स्पष्ट करा' होता, तो कसा बदलणार? मी शेपूट न काढता लिहायचा प्रयत्न केला. हात ऐकेना. लिहून झाल्यावर पाहिलं तर शेपूट नेहमीपेक्षा लांब गेली होती.

जुन्या चीनमध्ये सरकारी परीक्षा फार कडक होत्या. उमेदवाराला खोपटासारख्या खोलीत कोंडत, आणि त्याचं अक्षर परीक्षकाला ओळखू येऊ नये म्हणून कारकून बसवून सगळी उत्तरं पुन्हा उतरवून घेत. हे मी दरवर्षी मोठ्या कौतुकानं शिकवतो. उमेदवाराचं अक्षर लपवण्याची एवढी सोय केली त्या लोकांनी. परीक्षकाचं लपवायचं कुणाला सुचलं नाही.

तिनं अर्ज वाचला. मग पिशवीतून झेरॉक्स काढून शेजारी ठेवली. बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली.

"सर, हे संज्ञा तुम्हीच लिहिलं ना?"

"हो."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडे."

"अन् गाइडातलं, ते अनुभवी?"

"तेही मीच."

शेजारचे सहकारी एकदम वर्तमानपत्र वाचू लागले. एकानं तर ते उलटं धरलं होतं.

"म्हणजे तुम्हीच शिकवलं, तुम्हीच छापलं, तुम्हीच तपासलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. अंगणवाडीत मुलं मोजावी तशी मोजत होती.

"छापलं मी नाही," मी म्हणालो. एवढाच बचाव हाताशी होता.

"मास्तरसाहेबाच्या घरी काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. "लाज तं मलेबी वाटली होती, सर. माह्या सासऱ्यानं निकालाच्या दिवशी सगळ्या तांड्याले सांगून ठेवलं होतं, सून बीए होते म्हणून. मी घरी गेली तं ओसरीवर दहा-बारा जण बसले होते. सासरे म्हणे, कोणत्या शब्दात राह्यली? मी म्हटलं, गुलाम. ते म्हणे, बरं झालं, तो शब्द आपल्याले पायजेच कायले." ती थोडं हसली. मी हसू शकलो नाही. "त्याइले वाटलं मले बरं वाटन. पण मी आत जाऊन रडली. कारण मले माहीत होतं, मी बरोबर लिहिलं हाये."

मग तिनं झेरॉक्सचं पान उलटलं. "अन् हा एक मार्क काहून कापला?"

शब्द होता कारवान. तिनं लिहिलं होतं की कारवान म्हणजे मालाची ने-आण करणारा तांडा, वाळवंटात उंटांचा, आमच्याकडे बैलांचा. आमचे पूर्वज फौजांच्या मागे धान्य आणि मीठ बैलांवर लादून नेत, त्याला लदेणी म्हणत, आणि वाटेत पाणी कुठे आहे हे माहीत असलेला माणूस नायक होई. मी दोनपैकी एक गुण दिला होता. का कापला, ते मला स्वच्छ आठवत होतं. विषय इस्लामी जगाचा असताना यवतमाळची उदाहरणं कशाला, म्हणून. सबंध उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात कारवान म्हणजे काय हे खरोखर माहीत असलेली ही एकच बाई होती, आणि तिला मी अर्धी शिक्षा दिली होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे दोन शब्द प्राध्यापकीच्या भाषेत सहसा वापरात नाहीत. उच्चाराला थोडे जड गेले.

तिनं अर्जाची घडी घातली. "मंग हे बी लिहा त्यात," ती म्हणाली. "तपासणारे तुम्ही होते म्हणून."

मी लिहिलं. तिच्या अर्जाला माझं वेगळं पत्र जोडलं. व्याख्या मूळ माझी, ती चुकीची, तिच्यावरून शून्य देणाराही मी, असं सरळ मराठीत. सहीच्या वेळी हात जरा थांबला, पण समोर ती उभी होती.

पुढचा भाग मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या सभांपेक्षा गंभीर सभेत घडला. अभ्यास मंडळाची बैठक बसली. अध्यक्षांनी माझं पत्र बोटाच्या टोकांनी धरलं होतं, जणू त्याला काही लागलंय.

"सर, हे लिहायची काय गरज होती?" ते म्हणाले. "दोन गुणांचा प्रश्न आहे."

मी शब्दाचा अर्थ सांगितला. एक सदस्य म्हणाले की अठरा वर्षं जे शिकवलं गेलं, ते एकदम चूक कसं म्हणता येईल. दुसरे म्हणाले की मालक आणि गुलाम हा शेवटी दृष्टिकोनाचा फरक आहे. हे बोलणाऱ्यांच्या घरी शेतीला सालगडी आहे. त्याचा दृष्टिकोन त्यांनी कधी विचारला होता का, हे मला विचारावंसं वाटलं. पण मीही त्याच पंगतीत जेवलेला होतो, गप्प बसलो. तिसऱ्यांनी भीती घातली की चूक मान्य केली तर ज्यांनी मुलखाचा मालक लिहून दोन गुण घेतले, त्यांचे काढावे लागतील, आणि मग मोर्चा येईल.

शेवटी तोडगा निघाला. कार्यवृत्तात तो असा आहे: 'विद्यार्थिहित लक्षात घेऊन दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत.' म्हणजे ममलूक हा मालकही आहे आणि दुसऱ्याच्या मालकीचाही आहे. एखाद्या शब्दावर एवढी दया इतिहासात कुणी दाखवली नसेल. ठराव एकमतानं झाला. एकमतात मीही होतो, कारण त्याच ठरावानं तिचे दोन गुण वाचत होते.

मी तिला फोन करून सांगितलं. पलीकडे लहान मुलांचा गलका चालला होता. ती खिचडीच्या वेळेला सापडली होती.

"म्हणजे मी पास?"

"पास."

"अन् ते मुलखाचा मालकबी बरोबर?"

"तेही बरोबर धरलंय."

तिनं आधी एका मुलाला ताट पुढे करायला सांगितलं. मग म्हणाली, "मंग मास्तरसाहेबाले हे सांगू नका. त्याइले उगाच त्रास होईन."

जूनमध्ये मी वर्गात ममलूक शिकवला. खरा. आपण अठरा वर्षं चुकीचं सांगितलं, हेही सांगितलं, बऱ्यापैकी नाट्यमय आवाजात, कारण कबुलीतही थोडी वाहवा मिळावी अशी माझी अपेक्षा होती. मागच्या बाकावरून एकानं शांतपणे विचारलं, "सर, पण गाईडमध्ये वेगळं आहे. परीक्षेत कोणतं लिहू?" मी म्हणालो, दोन्हीला गुण मिळतात, पण खरं लिहा. वर्गानं थोडा विचार केला आणि जे पाठ करायला सोपं ते लिहून घेतलं. गाईडवाल्या सहकाऱ्यांनाही फोन केला. ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू सर. पण मुलखाचा मालक कसं लक्षात राहतं हो." मलाच अठरा वर्षं लक्षात राहिलं होतं, मी त्यांच्याशी काय वाद घालणार?

ती पुढच्या वर्षी मुख्यसेविका झाली. राळेगावच्या बाजूला तिला अंगणवाड्या मिळाल्या. जायच्या आधी ती कॉलेजात आली होती, एमएचा फॉर्म घेऊन. सोबत सासरे होते, पांढरं धोतर, तांबडा फेटा, तांड्याचे नायक. त्यांनी मला नीट न्याहाळलं. सुनेला शून्य देणारा माणूस कसा दिसतो, हे पाहून ठेवावं असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी राम राम केला आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

"कोणता पेपर घेणार?" मी विचारलं. "माझा घेऊ नका."

"तुमचाच घेतला," ती म्हणाली. "दुसऱ्याइच्या चुका मले माहीत नाहीत. तुमच्या कुठं असते ते तं मालूम झालं."

मी फॉर्मवर शिक्का मारून दिला. तिला दुपारची गाडी धरायची होती.

त्यानंतर मी रविवारी सकाळी मास्तरसाहेबांकडे जाऊ लागलो. माझ्या पिवळ्या पडलेल्या नोट्स घेऊन जातो. ते एकेक शब्द विचारतात, मी सांगतो, आणि ते मान हलवतात किंवा चष्मा काढून ठेवतात. चष्मा काढून ठेवला की मी पेन्सिलीनं खूण करतो. जपानी शब्दांना ते हात लावत नाहीत. "वो मेरे बस का नहीं" म्हणतात. दाइम्यो आणि शोगुनसाठी जिल्ह्यात कोणी जाणता मिळतो का, याची चौकशी सुरू आहे. जपानची यंत्रं विकणारा एक जण भेटला, त्याला फक्त यंत्रांच्या किमती माहीत होत्या. गेल्या रविवारी आम्ही दिवाण या शब्दापाशी आलो. मी म्हणालो, दिवाण म्हणजे मंत्री, हे तर सोपं आहे. मास्तरसाहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि घरात पाहून चहाला आणखी थोडं आधण ठेवायला सांगितलं.